यादी बाईची भिंतीवर, हिशेब मात्र कपाटात

२८ जून २०२४ रोजी 'मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण' योजनेचा शासन निर्णय निघाला. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला दीड हजार रुपये देणारी ही योजना. त्या निर्णयात एक तरतूद अशी होती की अर्जदार बायांची तात्पुरती यादी जाहीर करावी, तिची प्रत अंगणवाडीच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्डाच्या सूचना फलकावर लावावी आणि त्या यादीवर हरकती घ्याव्यात. म्हणजे दीड हजार रुपयांसाठी कोणत्या बाईने अर्ज केला हे साऱ्या गल्लीने वाचावे, आणि ज्याला तिच्याबद्दल काही सांगायचे असेल त्याने ते सांगावे.

हे वाचल्यावर आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा: फलक कसा लावायचा हे सरकारला इतके चांगले ठाऊक आहे, तर मग तो फलक नेहमी गरीब बाईच्याच नावाचा का असतो?

याच योजनेच्या प्रसिद्धीसाठी २०२४ मध्ये सुमारे दोनशे कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला. कोणत्या जाहिरात संस्थेला किती मिळाले, कोणत्या दराने मिळाले, याची यादी तुमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर पाहिली आहे का कोणी? बाईच्या दीड हजारावर शेजाऱ्याने हरकत घ्यायची आणि कोट्यवधींच्या कामावर हरकत घ्यायला कोणाला वावच नाही, हा कुठला न्याय?

सरकारी अनुदान, सरकारी देणगी, सरकारी ठेका, 'महिला कल्याणा'चा निधी: नाव काहीही असो, बाईच्या नावावर सरकारी तिजोरीतून निघालेल्या पैशाचा जाहीर हिशेब हा आता स्त्री चळवळीचा प्रश्न झाला पाहिजे. तो केवळ भ्रष्टाचार निर्मूलनवाल्यांचा प्रश्न नाही, आणि कागदपत्रांची आवड असणाऱ्या चार पुरुषांचा तर नाहीच नाही.

राईच्या वेशीवरून पाहिले तर

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धे, राई, मोर्वा ही गावे येतात. मिठागरे, भातशेती, खाडी यांच्या आधाराने जगलेली जुनी आगरी वस्ती. एके काळी हा भाग ग्रामपंचायतींचा होता. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. गाव शहरात गेले. दिवे आले, नळ आले, बस आली, टॉवर आले. पण एक गोष्ट गेली, तिची नोंद कोणी घेतली नाही. ग्रामसभा गेली.

आज ग्रामीण महाराष्ट्रात कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. ती कशी उरकली जाते हे आपण जाणतो. कधी रजिस्टरवर सह्या घेऊनच 'सभा' होते. तरी तिथल्या बाईला उभे राहून विचारण्याचा हक्क आहे: भाऊ, महिला-बालकल्याणाचे पैसे कुठे गेले? राईच्या बाईला तो हक्क नाही. शहरांसाठी २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण तुमच्या शहरात क्षेत्रसभा भरल्याचे तुम्ही किती वेळा ऐकले? गावातून शहरात येताना बाई 'नागरिक' झाली म्हणतात. मग प्रश्न विचारायची तिची जागा का गेली?

त्यातच मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सदस्यांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षे उलटून गेली तरी निवडणूक झाली नाही. राज्यातल्या इतर अनेक महानगरपालिकांची हीच गत झाली. १९९० मध्ये या राज्याने स्थानिक स्वराज्य संस्थांत बायांना ३० टक्के जागा दिल्या, पुढे घटनादुरुस्तीने त्या एक तृतीयांश झाल्या, २०११ मध्ये ५० टक्के झाल्या. आपण आनंद केला, मिरवणुका काढल्या. आणि मग सभागृहेच बंद पडली! सारा अर्थसंकल्प प्रशासकाच्या सहीवर चालू राहिला. निम्म्या जागा बायांच्या, पण शून्याचे निम्मे किती होतात? सभागृह असो वा नसो, हिशेब जाहीर झालाच पाहिजे, हा हट्ट आपण धरायचा तो यासाठी. नगरसेविका येतील आणि जातील. पैसा मात्र दर वर्षी खर्च होतच असतो.

आणखी एक गोष्ट राईकर चांगली जाणतात. मेट्रो ९ च्या कारशेडसाठी राई, मुर्धे, मोर्वा परिसरातील जमिनीवर बोट ठेवले गेले, तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले. पुढे ते कारशेड डोंगरीकडे नेण्याचे ठरले. भूमिसंपादनाचा २०१३ चा कायदा काढून पाहा. जमीन घ्यायची असेल तर राजपत्रात, वर्तमानपत्रांत, नगरपालिकेच्या कार्यालयात, स्थानिक भाषेत सूचना प्रसिद्ध करावी लागते. कोणाची किती जमीन जाणार हे तपशिलाने सांगावे लागते. म्हणजे तुमच्याकडून घ्यायचे असते तेव्हा सरकार सर्व्हे नंबरासकट बोलते. तुमच्या नावाने तिसऱ्याच कोणाला द्यायचे असते तेव्हा मात्र 'निविदा शाखेत विचारा', 'लेखा विभागात विचारा', 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'!

पाच टक्के कोणाचे?

नागरी संस्थांनी आपल्या अर्थसंकल्पातला ५ टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवावा, जिल्हा परिषदांनी आपल्या उत्पन्नातले १० टक्के ठेवावेत, हे या राज्याचे धोरण आहे. २२ जून १९९४ रोजी महाराष्ट्राने देशातले पहिले महिला धोरण जाहीर केले, त्याचे आपण कितीतरी वेळा गोडवे ऐकले. पण ५ टक्के म्हणजे किती रुपये, हे किती बायांना माहीत आहे?

हा पैसा खर्च कसा होतो ते आपण शहराशहरांतून पाहतो. शिवणकाम, ब्युटी पार्लर, संगणक, कराटे यांचे 'प्रशिक्षण'. हे प्रशिक्षण बाईला मिळते, पण पैसे बाईला मिळत नाहीत. ते मिळतात प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला, दर डोई या हिशेबाने. शंभर बायांची नावे लिहिली की शंभर डोक्यांचे पैसे. त्यातल्या किती जणी पंधरा दिवस वर्गात बसल्या, किती जणींच्या हाताला पुढे काम मिळाले, कोण विचारतो? महिला दिनाचा मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे हारतुरे, हळदीकुंकवाचे वाण, हेही 'महिला कल्याणा'त बसवण्याची कला अनेकांना साधली आहे. मार्च महिना आला की निधी संपवण्याची घाई होते आणि बायांच्या कल्याणाला एकदम ऊत येतो.

म्हणून राईतल्या बाईने, आणि राईसारख्या कोणत्याही वस्तीतल्या बाईने, पाच साधे प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी महिला-बालकल्याणासाठी किती रक्कम ठेवली? त्यातली किती खर्च झाली? कोणकोणत्या संस्थांना आणि ठेकेदारांना किती दिली? त्या संस्थेचे पदाधिकारी कोण? आणि आमच्या वस्तीत त्यातले काय पोहोचले? या प्रश्नांना काही तंत्र लागत नाही. वाणसामानाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला ते पुरते कळतात.

महिला मंडळाचा मुखवटा

कोणी म्हणेल, तुम्ही संशय फार घेता. त्यांना पोषण आहाराची गोष्ट सांगू. ती महाराष्ट्राचीच आहे.

अंगणवाडीतल्या लहान मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना पूरक आहार मिळतो. त्यात ठेकेदार नकोत, हे काम गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळांना द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दिला. उद्देश दुहेरी होता. मुलांना ताजे अन्न मिळावे आणि गावातल्या बायांच्या हाताला काम मिळावे. झाले काय? महाराष्ट्रात घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांचे काम काही मोजक्या महिला मंडळांकडे गेले. न्यायालयाने नेमलेल्या अन्न आयुक्तांच्या २०१२ च्या अहवालाने दाखवून दिले की यातली तीन मंडळे म्हणजे खासगी कंपन्यांचे मुखवटे आहेत. फलकावर नाव 'महिला' आणि मागे कारखानदार!

पुढे २०१६ मध्ये निघालेल्या निविदांच्या अटीच अशा होत्या की चार भिंतींच्या खोलीत लाडू वळणारा बचत गट दारातूनच परत जावा. बचत गटांनी न्यायालयात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २६ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने ते सुमारे ६,३०० कोटींचे ठेके रद्द ठरवले. ज्या बायांचे काम पळवले होते त्याच बायांनी हे करून दाखवले, ही गोष्ट आपल्या प्रत्येक शिबिरात सांगायला हवी.

पण त्यासाठी किती वर्षे लागली ते पाहा. २००४ चा आदेश, २०१२ चा अहवाल, २०१९ चा निकाल. पंधरा वर्षे! २००४ साली अंगणवाडीत आहार खाणारे मूल २०१९ मध्ये दहावीच्या वयाचे झाले होते. कोणत्या मंडळाला काम दिले, त्याचे पदाधिकारी कोण, कारखाना कोणाच्या मालकीचा, यंत्रे कोणाची, दर काय, हे जर पहिल्याच वर्षी प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिले असते, तर मुखवटा एवढी वर्षे टिकला असता का?

उलटही घडते, तेही सांगितले पाहिजे. १३ फेब्रुवारी २०१५ या एकाच दिवशी महिला व बालविकास विभागाने २४ शासन निर्णय काढून सुमारे २०६ कोटींच्या खरेदीला मंजुरी दिली, त्यात चिक्कीही होती. त्यावर राज्यभर गदारोळ झाला. चौकशी झाली, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गैरव्यवहार आढळला नाही असे म्हटले. कोण दोषी, कोण निर्दोष, याचा निवाडा इथे करायचा नाही. मुद्दा एवढाच की शासन निर्णय लोकांसमोर ठेवण्याची पद्धत होती म्हणून तारखा मोजता आल्या आणि प्रश्न विचारता आला. कागद लोकांसमोर आला की निदान वाद तरी उजेडात होतो. ज्यांनी काही चुकीचे केलेले नाही त्यांनाही अंधारापेक्षा उजेडच सोयीचा.

कायदा आपल्या बाजूचा आहे, पण झोपलेला

हिशेब जाहीर करा, ही काही आपण मेहेरबानी मागत नाही. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ मध्ये लिहिले आहे की प्रत्येक सरकारी कार्यालयाने कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावी. आपला अर्थसंकल्प, योजना, प्रस्तावित खर्च, वाटलेल्या रकमांचे अहवाल, अनुदान योजना कशा राबवल्या, त्यात किती रकमा दिल्या, कोणाला सवलती आणि परवाने दिले, हे सारे त्यात येते. आणि ते स्थानिक भाषेत, लोकांना समजेल अशा तऱ्हेने. भिंतीवरचा फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, असे मार्गही कायद्यानेच सांगितले आहेत.

याच कायद्याने आणखी एक दार उघडले. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी बिनसरकारी संस्थाही माहिती द्यायला बांधील आहे. १७ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी.ए.व्ही. महाविद्यालय प्रकरणात हे स्पष्ट केले. त्यामुळे 'आम्ही ट्रस्ट आहोत, तुम्ही विचारणारे कोण' हे उत्तर आता चालत नाही.

हा कायदा दिल्लीतल्या शहाण्यांच्या डोक्यातून आलेला नाही, हे आपण विसरता कामा नये. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. मस्टर मोठ्याने वाचले गेले. मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी निघालेली, गाव सोडून गेलेल्यांच्या सह्या! अंगठा उठवणाऱ्या बायांना ते ऐकूनच समजले, कारण ही मजुरी त्यांचीच होती. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्या लढ्यातली. फलक लावून काय होणार, बाया वाचतात कुठे, असे म्हणणाऱ्यांना हेच उत्तर. बाई वाचत नसेल तर वाचून दाखवा. समजावून सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात राज्याचा कायदा केंद्राच्या आधी आला, त्यासाठी उपोषणे झाली. आणि त्याची किंमतही इथेच मोजली गेली. तळेगाव दाभाड्यात जमिनींचे व्यवहार उजेडात आणणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. हिशेब मागणे हे निरुपद्रवी काम नाही. म्हणून एकट्या बाईने अर्ज करू नये, गटाने करावा.

नाव कोणाचे लावायचे आणि कोणाचे नाही

इथे आपल्याच मैत्रिणींकडून एक हरकत येईल, आणि ती रास्त आहे. उद्या सारेच जाहीर करायचे म्हटले तर कोणत्या बाईला निराधार म्हणून अनुदान मिळते, कोण नवऱ्याने टाकलेली, कोण एचआयव्हीबाधित, कोण निवारागृहात राहते, हेही भिंतीवर येईल. गावात, चाळीत बाईचे आयुष्य त्याने नासते. पेन्शन सुरू झाली हे कळताच दारू प्यायला पैसे मागणारा मुलगा दारात उभा राहतो. नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईचा पत्ता एका यादीने फुटू शकतो.

म्हणून आपली मागणी 'सारे जाहीर करा' अशी सरसकट नसावी. ती अशी असावी: ज्याच्याकडे सत्ता आणि मोठी रक्कम, त्याच्यावर पूर्ण उजेड. जिच्याकडे फक्त गरज, तिच्यावर पांघरूण.

संस्था, ठेकेदार, कंपनी, न्यास यांना सरकारी पैसा मिळाला तर नाव, पदाधिकारी, रक्कम, कारण, मंजुरीची तारीख, मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, काम झाले की नाही, हे सारे भिंतीवर. लाडकी बहीण किंवा शिवणयंत्रासारख्या सर्वसाधारण योजनांत वस्तीनिहाय आकडे भिंतीवर. नावे तपासायचीच असतील तर ती वस्तीतल्या बायांच्या सभेत वाचली जावीत. त्यात आधार क्रमांक नको, बँक खाते नको, मोबाईल नको, जात नको. आणि हिंसाचार, आजार, परित्यक्तेपण, निवारा यांच्याशी जोडलेल्या मदतीत फक्त संख्या. नाव कुठेच नाही, कोणत्याही सबबीखाली नाही.

खोटे लाभार्थी मग कसे सापडतील, असा प्रश्न येतोच. तर पाहा. लाडकी बहीण योजनेत बायांच्या याद्यांवर हरकतींची तरतूद होती. तरीही २०२५ च्या जुलैमध्ये बाहेर आले की १४ हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे पैसे गेले. त्याच सुमारास २६ लाखांहून अधिक खात्यांचे पैसे थांबवण्यात आले. मग अंगणवाडी सेविकांना पुन्हा घरोघर तपासणीला जुंपले. मानधनावर राबणाऱ्या बाईने गरीब बाईची तपासणी करायची! पण ते हजारो अर्ज कोणत्या टेबलावर, कोणाच्या सहीने मंजूर झाले, हे विचारायला कोणती सेविका पाठवली? चोर पकडायचा तर दार कोणी उघडले ते आधी पाहावे लागते. अर्ज तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या यंत्रणेचा हिशेब जाहीर करा, बाईचे नाव भिंतीवर टांगण्याची गरज उरणार नाही.

आणि पैसा आला कुठून, हेही हिशेबात यायला हवे. २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी वळवण्यात आले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. दलित आणि आदिवासी बाईच्या हक्काचा पैसा काढायचा आणि तोच तिला 'बहीण' म्हणून ओवाळणीत द्यायचा! ज्या फलकावर फक्त खर्च लिहिलेला असतो आणि तो कोणाच्या ताटातून काढला ते लिहिलेले नसते, तो फलकही अर्धाच खरा.

गोपनीयतेच्या नावाने

आता एक नवे संकट आले आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्राने कायदा केला. त्यातल्या एका कलमाने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागू झाला. आधी असे होते की व्यक्तिगत माहितीही व्यापक लोकहितासाठी देता येत असे, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नसे. आता त्या कलमात उरले ते एवढेच: व्यक्तिगत माहिती असेल तर द्यायची नाही. लोकहिताचे एक सर्वसाधारण कलम कायद्यात अजून आहे, कलम ४ ही शाबूत आहे. पण टेबलामागच्या माणसाला नाही म्हणायला एक वाक्य हवे असते, ते त्याला मिळाले.

यातली लबाडी ओळखा. बाईच्या गोपनीयतेची मागणी आपण कित्येक वर्षे करत आलो. बलात्काराच्या खटल्यात तिचे नाव येऊ नये, दवाखान्यात तिचा आजार ओरडून सांगू नये, म्हणून आपण भांडलो. आता आपलाच शब्द उचलून त्याआड ठेकेदार, विश्वस्त आणि अधिकारी लपणार. यादीतल्या बाईची गोपनीयता आणि सरकारी पैसा घेणाऱ्या विश्वस्ताची 'गोपनीयता' एकाच तराजूत तोलली जाणार असेल तर ते आपण मान्य करता कामा नये. सार्वजनिक पैसा घेतलास, त्या क्षणी त्या व्यवहारापुरता तू सार्वजनिक झालास. याला दुसरी बाजू नाही.

आधी आपला हिशेब

एवढे बोलल्यावर आरसाही पाहिला पाहिजे. आपल्या चळवळीतल्या कितीतरी संस्था समुपदेशन केंद्रे चालवतात, निवारागृहे चालवतात, बचत गटांची कामे करतात. त्यासाठी सरकारी अनुदान घेतात, देणग्या घेतात. पैसा कोणाचा घ्यावा, घ्यावा की न घ्यावा, हा वाद आपल्यात फार जुना आहे आणि तो संपेल असे वाटत नाही. पण घेतलेल्या पैशाचा हिशेब कोणाला द्यावा, यावर वाद असण्याचे कारण नाही.

आपण हिशेब देतो तो बहुधा वर देतो. धर्मादाय आयुक्तांना, अनुदान देणाऱ्या खात्याला, देणगीदाराला. परकीय देणग्यांचा कायदा १९७६ मध्ये आला, २०१० मध्ये नवा झाला, २०२० मध्ये आणखी आवळला. तो सरकार गैरसोयीच्या संस्थांवर कसा उगारते हे आपण पाहिले आहे. त्यामुळे हिशेब हा शब्द ऐकला की काहींना धाकच वाटतो. पण वर दिलेला हिशेब आणि खाली दिलेला हिशेब यांत फरक आहे. वरचा हिशेब आज्ञेचा असतो. खालचा विश्वासाचा असतो. केंद्रात येणाऱ्या बाईला हे केंद्र कोणाच्या पैशावर चालते, कार्यकर्तीला किती मानधन मिळते, भाडे किती, प्रवास किती, हे दारावरच्या फलकावर वाचता आले तर आपले काय बिघडेल? विरोधक त्याचा वापर करतील म्हणता? ते आजही अफवा पसरवतातच. लिहिलेल्या आकड्यापेक्षा अफवा नेहमीच मोठी असते.

आणि जी संस्था स्वतःच्या दारावर फलक लावत नाही, तिने महानगरपालिकेच्या दारावर फलक मागितला तर लोक हसतील.

काय करायचे

मैत्रिणींनो, हे काम मोर्च्यापेक्षा कंटाळवाणे आहे. घोषणा कमी, कागद जास्त. पण ते आपल्या आवाक्यातले आहे.

दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून वर सांगितलेले पाच प्रश्न नेमके लिहा. उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे. नाही आले किंवा अर्धवट आले तर अपील. शिवाय नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने काढलेल्या आदेशानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रे पाहण्याची सोय आहे. या आदेशाची प्रत बरोबर घेऊन पाच-सहा जणींनी जावे. एकीने वाचावे, एकीने उतरवून घ्यावे. अनुदान घेणाऱ्या न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे मागावेत. आलेली माहिती वहीत ठेवून देऊ नये. वस्तीत बसून मोठ्याने वाचावी.

आणि आमच्या मागण्या या:

१. प्रत्येक महानगरपालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेने महिला-बालकल्याण निधीतून संस्था आणि ठेकेदारांना दिलेल्या प्रत्येक रकमेचा फलक दर तीन महिन्यांनी प्रभाग कार्यालयात आणि अंगणवाडीत मराठीत लावावा.

२. 'महिला मंडळ', 'महिला संस्था' म्हणून काम घेणाऱ्यांचे पदाधिकारी, जागा आणि यंत्रांची मालकी, आणि त्यांनी दुसऱ्याला दिलेले पोटठेके जाहीर करावेत.

३. लाभार्थी बायांची नावे, आधार क्रमांक आणि बँक तपशील सूचना फलकावर लावणे बंद करावे.

४. योजनांच्या प्रसिद्धीवरचा खर्च, आणि दलित-आदिवासींच्या निधीतून वळवलेली रक्कम, योजनेच्या खर्चाबरोबरच दाखवावी.

५. शहरांत क्षेत्रसभा आणि त्याआधी बायांची वेगळी सभा नियमित भरवावी. निवडणूक झालेली असो वा नसो.

६. माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधील लोकहिताची तरतूद पूर्ववत करावी.

राई-मुर्ध्याच्या बाईने मिठागराच्या उन्हात मिठाची पाटी मोजून घेतली आहे, बाजारात भाजीची जुडी मोजून विकली आहे. मोजणे तिला कोणी शिकवायला नको. तिच्या नावावर निघालेला पैसा मोजायचा तिचा हक्क तेवढा मोकळा करा. तो मागून मिळत नसेल तर सोमवारी दुपारी तीन वाजता आम्ही येतच आहोत, वही घेऊन.